आर्यनचा पडदा कुठल्या बाजूला होता? पुणे महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त आणि हेरिटेज विभागाचे अधिकारी,
पुणे महानगरपालिका

विषय : मंडईतल्या आर्यन आणि मिनर्वा वाहनतळांवर त्या जागांच्या इतिहासाचे फलक लावण्याबाबत आणि शहरातल्या जुन्या सिनेमागृहांच्या वस्तू व आठवणी जपण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलाबरोबर स्कूटरवरून तुळशीबागेत निघाले होते. मंडईजवळ आल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, गाडी कुठं लावू?" मी सवयीनं म्हटलं, "आर्यनला बघ. तिथं जागा नसली तर मिनर्वाला लाव." गाडी लागली, पावती झाली आणि बाहेर पडताना तो म्हणाला, "मावशी, हा आर्यन म्हणजे कोण गं?" १९ वर्षांचा मुलगा, पुण्यात जन्मलेला, कॉलेजला जाताना रोज याच भागातून जाणारा. त्याच्या वर्गात दोन आर्यन आहेत, त्याला ते माणसाचंच नाव वाटणार. मी त्याला सांगितलं की इथं थिएटर होतं, आर्यन नावाचं, आणि मिनर्वा म्हणतात तिथं मिनर्वा होतं. तो थांबला. वळून गाड्यांच्या रांगांकडं बघत त्यानं विचारलं, "मग पडदा कुठल्या बाजूला होता?"

मला सांगता आलं नाही. ज्या थिएटरच्या दारात माझं निम्मं लहानपण गेलं, त्याचा पडदा कुठं होता हे मला त्या सिमेंटच्या खांबांमधून काही केल्या ओळखता येईना. मंडईचा मनोरा बघितला, रस्ता बघितला, तिकिटाची खिडकी कुठं असेल याचा अंदाज बांधला. दिशाच लागेना. भाचा पुढं गेला, मी मात्र बराच वेळ तिथं उभी होते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पुण्यात सिनेमासाठी बांधलेलं पहिलं थिएटर म्हणजे आर्यन. गंगाधर नथुजी पाठक यांनी ते ७ फेब्रुवारी १९१५ला सुरू केलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ला. म्हणजे या देशातला स्वतःचा कथापट जेमतेम पावणेदोन वर्षांचा असताना एका पुणेकरानं भाजीमंडईच्या शेजारी, भाजीवाल्या-हमालांच्या वस्तीत, त्यासाठी कायमची जागा उभी केली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली याच आर्यनमध्ये लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. सिनेमा मुका होता तेव्हाची ही गोष्ट आहे. बोलपट यायला अजून ११ वर्षं होती.

त्या जागेवर आज आपण तासाच्या हिशोबानं गाडी लावतो. गाडी लावायला जागा हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आर्यनच्या वाहनतळाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, तेही राहिलंच पाहिजे. पण पुणेकर त्या जागेला आजही आर्यन म्हणतात, शेजारच्या जागेला मिनर्वा म्हणतात, आणि हे कशावरून म्हणतात ते सांगणारा एकही फलक मला तिथं येता-जाता दिसलेला नाही.

माझ्या वडिलांचा मंडईत गाळा होता, कांदा-बटाटा आणि लसूण. आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्या, बाहेर सामाईक नळ. वडील पहाटे साडेतीनला घर सोडायचे आणि दुपारी जेवायला यायचे. मंडईचं सगळं जगच असं उलट्या घड्याळावर चालायचं. म्हणून दुपारच्या बाराच्या खेळाला आर्यनमध्ये निम्मे प्रेक्षक हमाल असायचे. पहाटेपासून पाठीवर पोती वाहून त्यांचा दिवस संपलेला असायचा, खोलीवर उन्हाचा पत्रा तापलेला असायचा. तिकीट काढायचं, पंख्याखालची खुर्ची धरायची आणि झोपायचं. सिनेमा कुठला लागलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. गाणं लागलं की एखादा डोळे उघडून बघायचा आणि परत मान टाकायचा. डोअरकीपर त्यांना कधी उठवत नसत. "राबून आलेत, झोपू दे," म्हणायचे. एवढ्या स्वस्तात अडीच-तीन तास अंधार, पंखा आणि कुणी हटकणार नाही अशी जागा त्या माणसांना शहरात दुसरीकडं कुठं मिळाली असती? आजही मिळत नाही.

आणि तो वास. कोथिंबिरीच्या जुड्या, सडका कोबी, शेंगदाण्याची टरफलं, घाम, विडी. इंटरव्हलला दारं उघडली की मंडईचा गलका आत यायचा, "पाच रुपये धडा" वगैरे, आणि दारं मिटली की परत सिनेमा सुरू. पुढं मी पुष्कळ चांगल्या थिएटरांमध्ये सिनेमे पाहिले, एसीत पाहिले, पण डोळे मिटून सिनेमा म्हटलं की मला आधी कोथिंबिरीचा वास येतो.

शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा. आदल्या दिवशी रंगवलेला मोठा बोर्ड लावलेली हातगाडी पेठापेठांतून फिरायची, पुढं ताशा, कधी कर्णा. आम्ही पोरं वाड्यातून पळत सुटायचो, गाडीबरोबर बाजीराव रस्त्यापर्यंत जायचो. थिएटरच्या दाराशी काचेच्या कपाटात सिनेमातले फोटो टाचणीनं लावलेले असायचे. तिकिटाला पैसे नसले तरी फोटो बघायला कुणाची आडकाठी नव्हती. माझ्या धाकट्या भावानं कितीतरी सिनेमे नुसत्या फोटोंवरून पाहिलेत. दहा-बारा फोटोंवरून सगळी गोष्ट रचायचा आणि वाड्यात रंगवून सांगायचा. खरा सिनेमा पाहून आलेल्यांना त्याचीच गोष्ट जास्त आवडायची.

बायकांची रांग वेगळी, खिडकी वेगळी. ही फार मोठी सोय होती. आई आणि वाड्यातल्या काकू-मावश्या मिळून तीनच्या खेळाला जायच्या, कुठल्याही पुरुषमाणसाशिवाय. त्यांच्या आयुष्यात घर, नळ, देऊळ आणि मंडई सोडून एकटीनं जाण्याजोगी ती एकच जागा होती. आई एरवी कधी मोठ्यानं हसायची नाही. थिएटरमध्ये ती मोठ्यानं हसलेली आणि मनसोक्त रडलेली मी पाहिली आहे. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभातला मराठी सिनेमा लागला की दुपारच्या खेळाला बायकांची ही गर्दी. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा मी नोकरीला लागले होते, आईला आणि दोन मावश्यांना मी स्वतःच्या पगारातून तिकिटं काढून दिली. बाहेर आल्यावर तिघींचेही पदर ओले होते आणि तिघीही कमालीच्या खूश होत्या.

प्रत्येक थिएटरचा स्वभाव वेगळा होता. प्रभात १९३४चं, किबे मंडळींचं, मराठी सिनेमाचं हक्काचं घर. लक्ष्मी रोडचं विजय, मूळचं लिमये नाट्यचित्र मंदिर, म्हणजे नाटक आणि सिनेमा दोन्हींचं. भानुविलासला आम्हाला शाळेतून रांगेनं नेलं होतं, प्रत्येकीनं पुढच्या मुलीची वेणी धरायची अशी बाईंची आज्ञा. अलकाला इंग्रजी सिनेमे. भाषा कळली नाही तरी कॉलेजच्या मुलामुलींनी ते पाहायचेच, अशी पद्धत होती. राहुलच्या नावातच ७० एमएम होतं आणि तो पडदा पहिल्यांदा बघितला तेव्हा पूर्ण दिसण्यासाठी मान वळवावी लागली होती. सारसबागेकडचं नीलायम, शिवाजीनगरचं मंगला. याशिवाय वसंत, श्रीकृष्ण, श्रीनाथ, रतन, अल्पना, निशात, अपोलो. कॅम्पातलं वेस्ट एंड आमच्यासाठी परदेश होतं. तिथलंच कॅपिटॉल, ज्याचं पुढं व्हिक्टरी झालं, तिथं २४ जानेवारी १९४३च्या रात्री पुण्यातल्या क्रांतिकारकांनी ब्रिटिश सैनिकांना लक्ष्य करून बॉम्ब उडवला होता. कॅम्पाचा भाग तुमच्या हद्दीबाहेर मोडतो हे मला माहीत आहे. पण थिएटर म्हणजे नुसती करमणूक होती असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

आता पडद्यामागची, म्हणजे खरं तर प्रेक्षकांच्या मागची गोष्ट. आमच्या वाड्यात एक ऑपरेटर राहायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एकदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला आणि भावाला केबिनमध्ये नेलं होतं. अरुंद लोखंडी जिना, वर लहानशी खोली, आत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, धूर बाहेर जायला छतातून काढलेली धुराडी. आत भट्टीसारखं उकडत होतं. प्रोजेक्टरच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर लावलेल्या असायच्या, त्यांची टोकं एकमेकांना टेकवून जरा लांब केली की मधे ठिणगीचा जाळ पेटायचा. त्या जाळाकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, काळ्या काचेतूनच बघायचं. कांड्या जळून झिजायच्या, म्हणून मामांचा हात सतत तिथल्या खुंटीवर. अंतर वाढलं की पडद्यावर अंधार व्हायचा आणि खालून शिट्ट्या.

एक रीळ जेमतेम वीस मिनिटं चालायचं. ते संपायच्या आधी दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचं रीळ तयार ठेवायचं. मामांनी आम्हाला भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्याचा उजवीकडचा वरचा कोपरा बघायला लावला. "ठिपका दिसला की सांग." मी डोळे ताणून बघत होते. एक बारीकसा गोल ठिपका आला आणि गेला. मामांनी दुसऱ्या मशीनची मोटर चालू केली. मनात सात-आठ आकडे मोजून होतात तोवर दुसरा ठिपका, आणि त्यांनी झडप बदलली. खाली सातशे-आठशे माणसं बसली होती, एकालाही कळलं नाही. पडद्यावर नायिका पायऱ्या उतरत होती, तिची निम्मी पायरी एका मशीनवर आणि निम्मी दुसऱ्यावर पडली. त्या दिवसापासून आजतागायत जुना सिनेमा टीव्हीवर लागला की माझी नजर उजव्या कोपऱ्याकडं जाते.

पट्टी तुटली तर पत्तीनं कड खरवडून, सोल्यूशन लावून, दाबून धरून जोडायची. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालत असली की इथलं रीळ संपताच डबा सायकलला लावून पोऱ्या दुसऱ्या थिएटरकडं सुटायचा. लक्ष्मी रोडला गणपतीची किंवा पालखीची गर्दी असली की तिकडचं पब्लिक इंटरव्हल लांबला म्हणून ओरडतंय आणि इकडं पोऱ्या घंटी वाजवत गर्दीत अडकलाय, असं व्हायचं. हे काम करणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मामा गेले. त्यांचं काम त्यांनी कुणाला शिकवलं नाही, कारण शिकवून उपयोग नव्हता.

मला ज्या रात्रीबद्दल सांगायचं आहे ती साधारण १९७९ची. मी आठ वर्षांची होते. वडिलांना रविवारी दुसऱ्या दिवशीची घाई नसली की ते रात्रीच्या खेळाला मला घेऊन जायचे. आर्यनमध्ये बसलो होतो. सिनेमा मध्यावर आला होता. एकाएकी नायकाच्या चेहऱ्यावर पांढरी अक्षरं उमटली, जरा तिरकी, थरथरणारी. त्या काळी कुणाला निरोप द्यायचा असला तर थिएटरात असंच करत. काचेच्या तुकड्याला दिव्याची काजळी धरायची, त्यावर टाचणीनं मजकूर कोरायचा आणि स्लाइडच्या मशीननं तो चालू सिनेमावर टाकायचा. मला अजून सगळी अक्षरं येत नव्हती, पण वडिलांचं नाव ओळखता आलं. खाली लिहिलं होतं, "शुक्रवार पेठ. ताबडतोब बाहेर यावे."

वडील उठले. आणि पुढं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. आमची सगळी ओळ उभी राहिली. कुणीतरी मला उचलून पुढच्याकडं दिलं, त्यानं त्याच्या पुढच्याकडं, अशी मी हातोहात ओळीच्या टोकाला पोचले. डोअरकीपर बॅटरीचा उजेड वडिलांच्या पावलांसमोर धरत उलटे चालत होते. मागून आवाज आले, "भाऊ, काय झालं?" "रिक्षा बघा रे कुणीतरी." आम्ही बाहेर आलो तेव्हा अनोळखी दोघं आमच्याबरोबर सिनेमा सोडून बाहेर आले होते. आजी न्हाणीघरात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, वाड्यातला शेजारी धावत निरोप घेऊन आला होता. त्या दोघांनी आजीला खाली आणायला खांदा दिला. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट सांगत राहिली.

दोन दिवसांनी वडील पेढे घेऊन थिएटरवर गेले तेव्हा ऑपरेटरनं ती काच त्यांना परत दिली. वडिलांनी तिच्यावर दुसरी काच ठेवून कडांना काळी पट्टी चिकटवली, म्हणजे काजळी पुसली जाऊ नये. ती कितीतरी वर्षं गाळ्यावर गल्ल्याच्या डब्यात होती. आज माझ्या कपाटात आहे.

आर्यन पाडलं तेव्हा मी सातवीत होते. वडील गाळ्यावरून रोज बघत होते. एका रात्री जेवताना म्हणाले, "आज वरची केबिन पडली." बाकी काही बोलले नाहीत.

एकपडदा थिएटरं का गेली हे मला कळतं, मी त्याबद्दल भाबडी नाही. १९७३ला सिंहगडावरून पुण्यात टीव्ही दिसायला लागला, मग व्हिडिओ आला, मग केबल. तिकिटातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षं करमणूक करात जात होता. २००१च्या सुमारास राज्य सरकारनं नव्या मल्टिप्लेक्सना त्या करातून सुरुवातीची काही वर्षं सवलत दिली आणि जुन्या थिएटरांना मात्र तोच कर भरत त्यांच्याशी टक्कर द्यावी लागली. रिळं जाऊन डिजिटल आलं तेव्हा नवी मशिनं घेणं पुष्कळांना झेपलं नाही. २०२०-२१मध्ये करोनात महिनोन्महिने दारं बंद राहिली. पेठेतल्या जागेचा भाव एकीकडं आणि रिकाम्या खुर्च्या दुसरीकडं, मालक किती दिवस तग धरणार? सिनेमागृह पाडलं तरी तिथं लहान का होईना सिनेमागृह ठेवण्याच्या अटीवरून मालक आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेली नाही. डेक्कनचं नटराज गेलं आणि तिथं मॉल उभा राहिला. प्रभातचा भाडेकरार २०१४च्या डिसेंबरात संपला, वास्तू किबे मंडळींकडं परत गेली आणि तिला किबे लक्ष्मी हे नाव पुन्हा मिळालं. जी अजून उभी आहेत त्यांचं मला कौतुक आहे. तोट्यात थिएटर चालवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण पाडताना आपण जे करतो ते मला सहन होत नाही. काही वर्षांपूर्वी पेठेतलं एक थिएटर पाडताना, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, मी मुद्दाम जाऊन उभी राहिले होते. प्रोजेक्टर टेम्पोत चढवत होते. भंगारवाल्यानं वजन करून घेतला, लोखंडाचा भाव लावून. भिंग वेगळं काढलं, ते पितळेच्या भावात. तिकिटांची न वापरलेली बंडलं, गुलाबी, हिरवी आणि पिवळी, चिखलात पडली होती. स्लाइडच्या काचांची एक लाकडी पेटी होती. दागिन्यांच्या दुकानांच्या, सायकलींच्या, टेलरच्या जाहिराती, हातानं रंगवलेल्या. "या देता का?" असं मी विचारेपर्यंत कामगारानं ती ढिगावर उपडी केली. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की यात ठेवण्यासारखं काही आहे. मला त्यातली एक काच शाबूत मिळाली, बोट कापलं तेवढंच.

हे सगळं पुण्यात घडतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून इथं आली. तिच्याच आवारात १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, देशभरातली मुलं सिनेमा शिकायला इथं येतात. १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं तेही इथंच, लॉ कॉलेज रोडला. म्हणजे सिनेमा काढायचा कसा हे पुणं शिकवतं आणि काढलेला सिनेमा पुणं जपतं. ज्या जागी माणसांनी तो बघितला, रडले, हसले, झोपले, त्या जागांची मात्र या शहरात कुठंच नोंद नाही, असं कसं चालेल? दिनकर केळकरांनी याच शुक्रवार पेठेत अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, कंगवे, दौती गोळा करून आख्खं संग्रहालय उभं केलं. घराघरात पडलेल्या, कुणी किंमत न देणाऱ्या वस्तू होत्या त्या. आज शाळांच्या सहली ते बघायला येतात. तिकिटाचं पंच करायचं यंत्र, डोअरकीपरची बॅटरी, 'हाऊसफुल्ल'ची पाटी, सायकल स्टँडचा पितळी बिल्ला यांनाही तोच मान मिळायला हवा.

तर माझं मागणं असं आहे. शहरातल्या थोर माणसांच्या घरांवर निळे गोल फलक लागलेले आहेत. तसेच फलक आर्यन आणि मिनर्वाच्या वाहनतळांवर लावा, गाडी लावणाऱ्याला पावती घेताना वाचता येतील अशा उंचीवर. आर्यनच्या फलकावर पाठकांचं नाव, १९१५ हे साल आणि 'सैरंध्री'ची हकीकत असू द्या. आणि जुना नकाशा तुमच्या बांधकाम विभागात असेलच, तो काढून पडदा होता त्या भिंतीवर किंवा खांबावर नुसती एक पांढरी चौकट रंगवा. भाच्याच्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरेल. त्यानंतर भानुविलास, नटराज, नीलायम, अशी एकेक जागा घेता येईल.

नावं लोकांनी आधीच जपली आहेत. टिळक चौक असं तुमच्या कागदांवर असलं तरी विसर्जनाची मिरवणूक सगळं पुणं अलका चौकात बघतं. नीलायमच्या नावाचा पूल आहे. रिक्षावाल्याला मंगला सांगितलं की तो जास्त विचारत नाही. त्या नावांना धरून एकेक पाटी लावायला खर्च किती येणार?

दुसरं, मंडईच्या आसपास तुमच्या ताब्यातल्या कुठल्याही इमारतीत एक खोली द्या. मोठी नको. थिएटर पाडण्याचा परवाना देताना मालकाला एवढंच सांगा की भंगारवाल्याच्या आधी या खोलीला कळवा. आणि जे ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, बोर्ड रंगवणारे आज हयात आहेत, त्यांच्याकडं फोनवर का होईना रेकॉर्डिंग करायला मुलं पाठवा. इतिहासाचे विद्यार्थी आनंदानं जातील, मी स्वतः त्यांच्याबरोबर घरं दाखवायला येईन. आमच्या जुन्या वाड्यातलेच दोघंजण अजून आहेत, एक कोथरूडला मुलाकडं राहतात आणि एक धायरीला. कोथरूडच्यांना आता कमी ऐकू येतं, पण मशीनचा आवाज विचारला की हातानं खुंटी फिरवून दाखवतात. हे काम या पावसाळ्याआधी झालं तर बरं.

या खोलीसाठी पहिली वस्तू मी देते. सव्वातीन इंची चौकोनी काच, दोन थरांची, कडेला काळी पट्टी. तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे आणि 'ताबडतोब' या शब्दातला शेवटचा 'ब' घाईत जरा खाली उतरलेला आहे. पट्टीचा एक कोपरा सुटला आहे, तिथून थोडी काजळी उडाली आहे, म्हणून ती मी पोस्टानं किंवा कुणाबरोबर पाठवणार नाही. कुठल्या कचेरीत, कुठल्या टेबलावर आणायची तेवढं कळवा. मी स्वतः घेऊन येईन.

आपली,
मंडईत वाढलेली एक पुणेकर